फिजिक्सचा पेपर जवळ आलाय? आधी पुस्तक बंद करा

इंदूरला बारावीची पोरं फिजिक्सचा अभ्यास करतात म्हणजे बहुतेक वेळा भंवरकुआच्या कोचिंगच्या नोट्स उघडून हायलायटर फिरवत बसतात. पान मस्त दिसतं, पण सोडवलेलं न्यूमेरिकल वाचताना सगळंच समजतं हो, कोरं पान समोर आलं की पहिली ओळच सुचत नाही. माझं आता बीएस्सी चालू आहे आणि टेस्ट आली की कॉलनीतली धाकटी मंडळी वही घेऊन घरी येतात, त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

एनसीईआरटीचं सॉल्व्ह्ड एक्झाम्पल घ्या, फक्त प्रश्न वाचा आणि उत्तरावर वही ठेवा. आकृती स्वतः काढा, काय दिलंय आणि काय काढायचंय ते युनिटसकट लिहा, मग झगडा. अगदीच अडलं तर वही एकच ओळ खाली सरकवायची, बघायचं आणि परत झाकायचं. वेळ जातो, चिडचिड होते, पण असं केलेलं एक गणित नुसत्या वाचलेल्या दहांना भारी पडतं.

उत्तर आलं की ते शक्य तरी आहे का हे बघा, हे कोणी करतच नाही. समजा कॉन्व्हेक्स लेन्स, फोकल लेंग्थ २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर. अधिक-उणेची साइन विसरलात तर इमेजचं अंतर येतं १२ सेंमी, आणि पोरं त्याखाली डबल लाइन मारून मोकळी होतात. अरे पण वस्तू फोकसच्या बाहेर आहे ना, मग रिअल इमेज फोकल लेंग्थपेक्षा जवळ येईलच कशी? वस्तूचं अंतर यू उणे ३० घातलं की इमेजचं अंतर व्ही ६० येतं, मॅग्निफिकेशन उणे २, म्हणजे उलटी आणि दुप्पट. रे डायग्राम आधी काढली असती तर १२ बघूनच शंका आली असती.

फॉर्म्युला डोक्यात बसवायचा तर खऱ्या गोष्टीला लावून बघा. आपल्या इंदूरच्या आरआर कॅट या संशोधन केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनना मॅग्नेटने वळवत गोल फिरवणारं मोठं मशीन, त्यात इलेक्ट्रॉनची एनर्जी २.५ जीईव्ही (गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट) आणि वळवणाऱ्या मॅग्नेटचं फील्ड साधारण १.५ टेस्ला. चार्ज मॅग्नेटिक फील्डमध्ये फिरतो त्याचा 'आर बरोबर एमव्ही भागिले क्यूबी' पाठ असेलच, म्हणजे त्रिज्या बरोबर वस्तुमान गुणिले वेग, भागिले चार्ज गुणिले फील्ड. इथे इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळतो म्हणून एमव्हीच्या जागी मोमेंटम घ्यायचा, एनर्जी भागिले प्रकाशाचा वेग. करून बघा, त्रिज्या साडेपाच मीटरच्या आसपास येते, आणि मशीनच्या मॅग्नेटमध्ये इलेक्ट्रॉनच्या वळणाची त्रिज्या खरंच तेवढी आहे! पेपरात हे कोणी विचारणार नाही पण फॉर्म्युला परत विसरणार नाही.

वेळ कमी असेल तर सीबीएसईवाल्यांनी मार्कांचा हिशोब बघावा. थिअरी ७० ची, त्यात ऑप्टिक्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक वेव्ह्ज मिळून १८, मॅग्नेटिझम ते अल्टरनेटिंग करंट १७, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि करंट १६. ड्युअल नेचर, ॲटम आणि न्यूक्लिअस १२ ला आहेत आणि धडे छोटे, सेमीकंडक्टर ७ ला. मला विचाराल तर शेवटच्या दिवसांत हे छोटे धडे आधी उरका, पोरं उगाच त्यांना शेवटी ढकलतात आणि मग ते राहूनच जातात. एमपी बोर्डवाल्यांनी आपली ब्लूप्रिंट बघा, वेगळी असते.

डेरिव्हेशन पाठ करू नका, कुठून निघायचं आणि मध्ये कुठली गृहीतकं धरली एवढं लक्षात ठेवा, बाकीचं हात चालवून येतं. आणि घरी सराव करताना मोबाइलचा कॅल्क्युलेटर लांब ठेवा, बोर्डात तो चालत नाही आणि दहाच्या घातांमध्येच लोक मार्क घालवतात.

आदल्या रात्री नवीन धडा नको, सराफ्याची रात्रीची खाऊगल्ली पण नको यार, पेपर झाल्यावर जा. सीबीएसईत सुरुवातीची १५ मिनिटं पेपर वाचायला मिळतात तेव्हा इंटरनल चॉइसचे प्रश्न बघून कुठला पर्याय लिहायचा ते तिथेच ठरवून टाका, अर्धा लिहून खोडला की वेळ गेलाच.