मुलांच्या घरातला पसारा आवरताय? या चुका टाळा

लहान मुलं असलेल्या घरात आवरायला बसलं की संध्याकाळी पसारा सकाळपेक्षा जास्त दिसतो. यात कुणी आळशी असतं असं नाही बरं का. माझं स्पष्ट मत आहे की प्रॉब्लेम आवरण्यात नाहीच, वस्तू घराबाहेर जाण्यात आहे. आत यायला वाटाच वाटा आहेत, बर्थडेची रिटर्न गिफ्टं, ऑनलाइन पार्सलं, मामाने आणलेला रिमोटचा ट्रक, हळदीकुंकवाची वाणं, लग्नात मिळालेले स्टीलचे डबे, आणि बाहेर जायची वाट मात्र कोणी ठरवलेलीच नसते. मग तेच सामान या खोलीतून त्या खोलीत, दिवाणातून माळ्यावर आणि दसरा आला की माळ्यावरून परत खाली. इंदूरला आपल्या सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगरकडच्या घरांमध्ये मी हेच बघत आलेय, त्यातल्या नेहमीच्या चुका आणि त्यावर काय करायचं ते सांगते.

आधी डबे आणायचे, मग आवरायचं

सगळ्यात कॉमन चूक हीच. राणीपुऱ्यात जाऊन झाकणाचे मोठे प्लास्टिकचे डबे आणायचे, ऑनलाइन कप्पेवाले ऑर्गनायझर मागवायचे आणि मग त्यात सामान भरत सुटायचं. याने काय होतं की जे सामान टाकायचं होतं तेसुद्धा नीट घडी होऊन डब्यात जाऊन बसतं, आणि एकदा डबा बंद झाला की वर्षभर कोणी उघडत नाही. आधी सामान कमी करा. उरलेल्याचा ढीग किती आहे ते डोळ्यांनी बघा, मगच डबा लागतो का ते ठरवा. बुटांची खोकी, मिठाईचे पुठ्ठ्याचे बॉक्स, श्रीखंडाचे रिकामे डबे यात काम भागतं बहुतेक वेळा.

एका रविवारात अख्खं घर काढणं

मुलं लहान असतील तर हे करूच नका, खरंच. सकाळी उत्साहात कपाट पलंगावर उपसलं जातं, अकराला छोट्याला भूक लागते, एकला पाहुणे येतात, आणि रात्री झोपायला पलंग हवा म्हणून सगळं कोंबून परत आत. एका वेळी एकच गोष्ट घ्या, एक ड्रॉवर, एक शेल्फ, फक्त मोजे. जेवढं त्या तासाभरात संपेल तेवढंच काढायचं, आणि नियम असा की काढलेलं त्याच दिवशी घराबाहेर किंवा जागेवर गेलंच पाहिजे.

अजून एक, पावसाळ्यात माळा काढू नका. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, गाद्या-गोधड्या बाहेर काढल्या तर वाळत नाहीत आणि तशाच परत ठेवल्या तर बुरशी धरते. माळ्यासाठी दसरा-दिवाळीच्या मधले दिवस किंवा परीक्षा संपल्यावरचं कडक ऊन, हेच बरे.

मुलं शाळेत गेली की गुपचूप खेळणी टाकणं

सोपं वाटतं, पण याचा परिणाम उलटा होतो. तीन-चार वर्षांच्या पुढचं मूल लक्षात ठेवतं. एक चाक तुटलेली गाडी गायब झाली की त्याला कळतं की इथे वस्तू न विचारता जातात, आणि मग ते प्रत्येक गोष्ट घट्ट धरून बसतं, फाटका स्टिकरसुद्धा सोडत नाही. त्याच्यासमोर करा. "यातलं काय टाकू?" असं विचारू नका, त्याला उत्तर एकच येतं, काहीच नको टाकू. "यातली तुझी सगळ्यात आवडती पाच निवड" असं म्हणा, ती पाच मानाने शेल्फवर ठेवा, मग बाकीच्यांवर बोला. ज्यावर अडून बसेल ते एका पिशवीत घालून महिनाभर बाजूला ठेवायचं आणि त्याला तसं सांगायचं. मधे मागितलं तर द्यायचं, नाही मागितलं तर महिन्याने पुन्हा विचारायचं. अगदीच लहान, दोन वर्षांच्या आतलं असेल तर तुम्हीच ठरवा, त्याला काही वाटत नाही.

सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवणं

मूल बोअर होतंय म्हणून आपण अजून एक खेळणं आणतो, आणि खरं कारण बऱ्याचदा उलटं असतं. अमेरिकेतल्या टोलेडो युनिव्हर्सिटीचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६ दिली, तर ४ खेळणी होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरात करून बघायला हे एकदम सोपं आहे. थोडी बाहेर ठेवायची, बाकीची दिवाणात किंवा वर ठेवायची, दोनतीन आठवड्यांनी अदलाबदल. जुनं खेळणं परत आलं की मुलांना ते नव्यासारखंच वाटतं. अदलाबदल करताना ज्याची कुणाला आठवणच आली नाही ते लगेच दिसतं, ते द्यायच्या पिशवीत.

आपल्या उंचीने घर लावणं

ही चूक पटकन दिसत नाही कारण लावल्यावर घर छान दिसतं. शेल्फ वर, झाकणाचा डबा, डब्यात अजून छोटे डबे, ब्लॉक्स वेगळे, प्राणी वेगळे, गाड्या वेगळ्या. काढताना मूल सगळं ओततं आणि ठेवताना त्याला ते जमत नाही, मग "मी कितीदा सांगू" सुरू होतं. जमिनीवर गुडघे टेकून बसा आणि मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत बघा, त्याचा हात कुठपर्यंत जातो ते. खालची दोन शेल्फं मुलांची, उघड्या टोपल्या, झाकण नको, प्रकार तीनचारच. वाचता येत नसेल तर टोपलीवर चित्र चिकटवा, गाडीचं, बाहुलीचं.

दाराजवळची जागा बघा जरा. शाळेतून आल्यावर बॅग सोफ्यावर, बाटली टीव्हीखाली, बूट वाटेत, टाय डायनिंग टेबलवर. हे सगळं दारापासून दहा पावलांत होतं, म्हणजे जागाही तिथेच हवी. भिंतीवर मुलाच्या खांद्याच्या उंचीला दोन हुक, एक बॅगचा, एक रेनकोटचा, खाली बुटांचं खोकं, बाजूला एक टोपली बाटली-टिफिनसाठी. एवढ्यानेच रोजची अर्धी कटकट जाते, आणि हे सगळं शंभर-दोनशे रुपयांत होतं.

"देऊन टाकू" म्हणून बांधलेली पिशवी

माझ्या मते सगळं इथेच अडतं. निवडून झालं, दोन मोठ्या पन्न्या भरल्या, दाराआड ठेवल्या, आणि त्या तिथे महिनोन्महिने, मग मुलं त्यातून एक एक काढून परत खेळायला लागतात. कारण कुणाला द्यायचं, कधी, कोण नेऊन देणार हे ठरलेलंच नाही. आवरायला बसायच्या आधीच हे ठरवा आणि कागदावर लिहा, मग निवडतानाच वेगळ्या पिशव्या करता येतात.

इंदूरला राहतो म्हणून आपली खरंतर सोय आहे. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आलाय तो काही नुसत्या झाडण्याने नाही, आपल्या गल्लीत येणाऱ्या पिवळ्या गाडीत कचऱ्याचे सहा वेगळे भाग असतात, ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक कचरा आणि सॅनिटरी. चूक काय होते तर आवरण्याच्या दिवशी आपण एका पोत्यात सगळं भरतो, तुटकी बाहुली, सेल, जुने डायपर, औषधं, कागद, आणि असं मिक्स पोतं गाडीवाले भैया घेत नाहीत, मग ते परत जिन्याखाली. ओला सोडून बाकीच्यांच्या पाच पन्न्या घेऊनच बसायचं. डायपर सॅनिटरीत, एक्स्पायर झालेली औषधं, सीएफएल बल्ब, वापरलेले सेल आणि पाऱ्याचं थर्मामीटर घातकमध्ये, वाजणारी-चमकणारी खेळणी ई-कचऱ्यात. बाथरूममध्ये औषधं फ्लश करू नका.

चांगल्या वस्तूंसाठी आरआरआर (रिड्यूस, रियूज, रीसायकल) सेंटर आहेत, मे २०२३ मध्ये देशभरातल्या शहरांत ही सुरू झाली, तिथे कपडे, खेळणी, पुस्तकं, चपला-बूट देता येतात. शहरात काही ठिकाणी नेकी की दीवारही आहे, म्हणजे नको असलेलं सामान गरजूंसाठी ठेवायची भिंत. पण कळकळीने सांगते, फाटके, डाग पडलेले, झिप तुटलेले कपडे तिथे देऊ नका. घेणाऱ्याच्या मुलालाही ते घालून बाहेर जायचं असतं. धुऊन, घडी करून, साइजची चिठ्ठी लावून द्या. फाटक्यातले सुती असतील त्यांची फडकी करा, आणि दोन जोड रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, बाजूला ठेवा, ते लागतातच. लोखंड, भंगार, रद्दी अटालेवाल्याला. कामवाल्या मावशींना द्यायचं असेल तर आधी विचारा, "मावशी, तुमच्या नातवाला होईल का हे?" आणि त्या नको म्हणाल्या तर नको.

पिशवी भरली की दाराआड नाही, गाडीच्या डिकीत किंवा स्कूटरच्या हुकाला, आणि घरातल्या एका माणसाचं नाव घेऊन सांगायचं की शनिवारी तुम्ही नेऊन द्यायचं.

आजी-आजोबांचं सामान आपल्या हिशोबाने काढणं

पितळेची परात, पाटा-वरवंटा, जुन्या नऊवारी, आजोबांच्या टॅक्सच्या फायली. सुनेने न विचारता यातलं काही अटाल्यात दिलं तर महिनाभर घरात अबोला, आणि त्यांचं दुःख खोटं नसतं. आधी आपल्या कपाटापासून सुरू करा, ते त्यांना दिसू द्या. मग बसून विचारा, "आई, या परातीचं काय करायचं, तुम्हीच सांगा." बऱ्याचदा त्याच म्हणतात, "अगं, ती पितळी मोठी माझ्या आईची, ती राहू दे, बाकीच्या दोन दे कुणाला तरी." एक पेटी किंवा एक कपाट पूर्ण त्यांचं, त्याला हात लावायचा नाही, आणि त्यात मावेल तेवढं त्यांनी ठेवायचं. नऊवारीच्या गोधड्या शिवून घेतल्या तर साडीही राहते आणि नातवंडांच्या अंगावर पांघरूणही येतं.

शाळेचे कागद आणि पुस्तकं

आपल्याकडे शाळेचं नवीन सेशन १ एप्रिलपासून असतं, म्हणून मार्चच्या शेवटी जुनी पुस्तकं लगेच द्यायला हवीत, मे महिन्यात ती कुणाला नको असतात. धाकट्यासाठी म्हणून ठेवत असाल तर आधी बघा, एनसीईआरटीची पुस्तकं बदलतायत, २०२३ ला पहिली-दुसरी, २०२४ ला तिसरी आणि सहावी, २०२५ ला चौथी, पाचवी, सातवी, आठवी. म्हणजे दादाचं पुस्तक धाकट्याला चालेलच असं नाही. वाचनीय असतील ती खजुरी बाजारातल्या पुस्तकवाल्यांना दाखवा, नाहीतर शाळेच्या लायब्ररीत. वह्यांची कोरी पानं फाडून रफ वही करा, बाकी रद्दी.

चित्रं मात्र सगळी टाकू नका आणि सगळी ठेवूही नका. वर्षाची एक फाइल, मुलाने स्वतः निवडलेली चित्रं त्यात, उरलेल्यांचे फोटो काढायचे.

आणि महत्त्वाचे कागद खेळण्यांपासून पूर्ण वेगळे. प्रत्येक मुलाची एक फाइल, त्यात जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार, मध्य प्रदेश सरकारचा नऊ आकडी समग्र आयडी, मार्कशीटा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, तो रद्दीत गेला तर खूप धावपळ. आधारचं बायोमेट्रिक अपडेट मूल पाच वर्षांचं आणि मग पंधरा वर्षांचं झालं की करावं लागतं, फाइलवरच ते साल लिहून ठेवा.

आवरताना धोका विसरणं

हे मी हट्टाने लिहितेय, कारण आवरण्याच्या दिवशी घरातल्या सगळ्यात नको त्या गोष्टी जमिनीवर येतात. बटणासारखे चपटे सेल जुन्या रिमोटात, गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डात, खेळण्यातल्या घड्याळात असतात. मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते, तेव्हा उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक हॉस्पिटल. निवडतानाच सेल काढून टेप लावून उंच डब्यात ठेवा.

डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यात नकोत. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना त्यातल्या नॅफ्थलीनने रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते. त्याऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगांची पुरचुंडी, आणि ठेवणीतलं झबलं धुऊन, ऊन दाखवूनच घालायचं. खेळण्यांचं उंच कपाट एल-क्लॅम्पने भिंतीला फिट करून घ्या, मुलं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात आणि कपाट अंगावर येतं.

सगळं केलं तरी परत पसारा होतोय?

मग आठवडाभर फक्त बघा, ढीग कुठे साठतो. डायनिंगच्या कोपऱ्यावर रोज चार्जर, पेन, रबरबँड साठत असतील तर त्यांना दुसरीकडे जागाच नाही, तिथेच एक वाटी ठेवा. खुर्चीवर अर्धे वापरलेले कपडे साठतात? दाराच्या मागे हुक. टोपली रोज ओसंडत असेल तर मोठी टोपली आणू नका, आतलं कमी करा. नवरा किंवा आजोबा ठेवत नसतील तर बहुतेक त्यांना जागा सांगितलेलीच नसते.

आणि येणाऱ्या वाटेला थोडा बांध घाला. वाढदिवसाच्या आधी आत्या, मामा, मावशीला मोकळेपणी सांगायचं, कुणाला राग येत नाही. "दादा, यंदा खेळणं नको, तिला एक दिवस रालामंडलच्या अभयारण्यात फिरवून आण," किंवा सगळ्यांनी मिळून एक सायकल. रिटर्न गिफ्टमध्ये आपणही प्लास्टिकच्या पिपाण्या न देता खाऊ द्यायचा, नाहीतर एखादं झाडाचं रोप.