भाषण कानासाठी तयार करावे

वाचकाला एखादी ओळ कळली नाही तर तो मागे जाऊन ती पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नसते. त्यामुळे भाषणाची तयारी पहिल्यापासून मोठ्याने बोलूनच करावी. सर्वप्रथम आपले म्हणणे एका वाक्यात उच्चारून पाहावे, आणि ते एका श्वासात सांगता आले नाही तर विषय अजून आपल्यालाच पुरता उमगलेला नाही असे समजून पुन्हा विचाराला बसावे.

लिहिलेले वाक्य आणि बोलायचे वाक्य यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘पाण्याच्या अपव्ययाचे गांभीर्य लक्षात घेऊन सर्व स्तरांवर तातडीने उपाययोजना करणे अत्यावश्यक आहे’ हे वाक्य कागदावर शोभते, पण सभागृहात ते कोणाच्याही मनात उतरत नाही. ‘नळ गळतो आहे. रात्रभर थेंब पडत आहेत. आवाज आपण सगळेच ऐकतो; उठत मात्र कोणी नाही.’ असे म्हणून क्षणभर थांबले, तर प्रत्येकाला आपापल्या घरातला नळ आठवतो. जोडाक्षरांनी भरलेले, जीभ अडखळवणारे शब्द सरावातच सापडतात. ते तिथेच बदलावेत.

लांबीचा हिशेब आधीच करावा. मिनिटाला सुमारे १२० शब्द धरले, तरी विराम लक्षात घेता दहा मिनिटांत बाराशे शब्द मावत नाहीत. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर अब्राहम लिंकन यांनी जेमतेम २७० शब्दांत, दोन-तीन मिनिटांत आपले म्हणणे मांडले. जगाच्या स्मरणात राहिले ते हेच छोटे भाषण.

संपूर्ण भाषण पाठ करू नये, कारण एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. सुरुवातीची दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य एवढेच तोंडपाठ ठेवावे. मधल्या भागासाठी एका कार्डावर चार-पाच मुद्दे मोठ्या अक्षरांत लिहावेत.

भीती वाटणे स्वाभाविक आहे. अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकामुळे हृदयाची धडधड वाढते, तोंडाला कोरड पडते, आणि श्वास उथळ झाल्याने आवाज चिरकतो. अशा वेळी उठण्यापूर्वी दोन-तीनदा सावकाश, लांब श्वास सोडावा, पाण्याचा एक घोट घ्यावा आणि माइकसमोर गेल्यावर पहिला शब्द उच्चारण्याआधी एखाद्या श्रोत्याच्या डोळ्यांत पाहावे. तो विराम वक्त्याला फार लांबलेला वाटतो, श्रोत्यांना मात्र तो जाणवतही नाही. एक विचार एका व्यक्तीकडे पाहून पूर्ण करावा आणि मगच नजर दुसरीकडे वळवावी. भिरभिरत्या नजरेने बोलणाऱ्याचे म्हणणे कोणालाच आपल्यासाठी आहे असे वाटत नाही.

शेवटचे वाक्य बोलताना आवाज खाली पडू देऊ नये. ते संपताच कागद गोळा करण्याची घाईही नको. दोन क्षण शांत उभे राहावे, आणि मगच आपल्या जागेकडे वळावे.