संगणकावरचं गाणं ॲम्पला जोडताय? आवाजाच्या पातळीच्या या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत हल्ली बऱ्याच घरांत एक जोडी दिसते: वडिलांनी हौसेनं घेतलेला स्टिरिओ ॲम्प आणि मुलाचा लॅपटॉप. नौपाड्याचं घर सोडून मंडळी घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये येतात, ॲम्पही सोबत येतो, त्याला एक यूएसबी डॅक (संगणकाच्या डिजिटल आवाजाचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारी छोटी डबी) जोडला जातो. मग तक्रारी सुरू होतात. तार सप्तकात आवाज फाटतो, तानपुऱ्यामागे सतत ‘शूऽऽ’ ऐकू येतं, नाहीतर डावा स्पीकर उजव्यापेक्षा मोठा वाजतो. बिचाऱ्या ॲम्पला मोडीत काढण्याआधी आवाजाची पातळी तपासा. प्लेअर, विंडोज, डॅक आणि ॲम्प अशा चार ठिकाणी ती कमी-जास्त होत असते आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

संगणकावर खाली, ॲम्पवर वर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. विंडोजचा आवाज ३० वर आणि ॲम्पचा नॉब दोन वाजण्याच्या जागी. संगणकाकडून गाणं बारीक होऊन येतं, पण डॅकची आणि ॲम्पची स्वतःची खरखर तेवढीच राहते. ॲम्प दोन्ही एकत्रच मोठं करतो. जोरकस बँड वाजताना हे कळत नाही, पण विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा वाजत असतो तेव्हा लगेच उघडं पडतं.

नॉब नेहमीच्या जागी ठेवून गाणं थांबवा आणि बसायच्या जागेवरून ऐका. तिथे ‘शूऽऽ’ ऐकू येत असेल तर ॲम्प गरजेपेक्षा जास्त उघडलाय. आता नॉब शून्यावर आणा, प्लेअर आणि विंडोज १०० वर न्या, गाणं सुरू करा आणि नॉब हळूहळू वाढवा. क्रम बदलू नका, नाहीतर पहिल्याच थापेला ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) जाईल.

डॅक नसेल आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधूनच वायर काढली असेल, तर १०० ऐवजी ८०-९० वर थांबा. काही लॅपटॉपचे जॅक अगदी शेवटच्या टप्प्यात फाटतात.

१०० च्या पुढे

व्हीएलसीचा स्लायडर १२५ टक्क्यांपर्यंत जातो. तिथे नेऊ नका. डिजिटल आवाजाला ठरलेली कमाल मर्यादा असते आणि त्यापुढचा भाग सरळ छाटला जातो. एकदा छाटलेलं पुढे ॲम्पवर आवाज कमी करून परत येत नाही. इक्वलायझरचंही तसंच. बेस ६ डेसिबलनं वाढवला, तर त्याच इक्वलायझरचा प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळीचा स्लायडर, ६ डेसिबलनं खाली घ्या.

छोट्या खोलीत सगळं १०० वर ठेवण्याचा हट्ट

‘संगणकावर आवाज कमी केला की दर्जा जातो’ हे वाक्य इतक्यांदा सांगितलं जातं की लोक त्याचा नियमच करून बसतात. सिडकोच्या वन-बीएचकेत मात्र हा नियम नडतो. बरेच डॅक सीडी प्लेअरसारखे २ व्होल्टच्या आसपास सिग्नल देतात. जुन्या ॲम्पला पूर्ण ताकदीनं वाजायला अनेकदा ०.१५ ते ०.२ व्होल्ट पुरतात. म्हणजे नॉब जरा फिरवला की भिंतीपलीकडचे शेजारी जागे होतात. शिवाय नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात डाव्या-उजव्या बाजूचं प्रमाण नीट जुळत नाही. एक स्पीकर मोठा वाजतो तो बऱ्याचदा याचमुळे.

अशा वेळी संगणकावरच १० ते १५ डेसिबल कमी करा आणि नॉब दहा-अकराच्या जागी येऊ द्या. दर्जाची काळजी वाटत असेल तर हिशोब बघा: डिजिटल आवाजाचा बारकावा बिटमध्ये मोजतात आणि दर ६ डेसिबलला साधारण एक बिट जातो. डॅकला १६ बिटनं सिग्नल जात असताना २४ डेसिबल कमी केले तर १२ बिट उरतात, ते वाईटच. पण २४ बिटनं जात असेल तर २० उरतात, म्हणजे सीडीच्या १६ पेक्षा जास्तच. म्हणून साउंड सेटिंगमध्ये डॅकचा डिफॉल्ट फॉरमॅट आधी २४ बिट करा. मग बिनधास्त कमी करा. माझ्या मते छोट्या घरात हाच योग्य मार्ग आहे.

विंडोजचा ५० म्हणजे निम्मे बिट नव्हेत, ५० डेसिबलही नव्हेत. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये डॅकच्या प्रॉपर्टीजमधला लेव्हल्स टॅब उघडा आणि आकड्यावर राइट-क्लिक करा. तिथे डेसिबल निवडता येतात, अंदाजपंचे काम राहत नाही.

मीटिंगनंतर आवाज बसला

घरून काम करणाऱ्यांचा हा रोजचा त्रास. कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज आपोआप ८० टक्क्यांनी कमी करतं. आपण ॲम्प वाढवतो, कॉल संपतो आणि गाणं एकदम अंगावर येतं. त्याच कंट्रोल पॅनेलच्या कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा.

प्लेअरमध्ये एक्स्क्लुझिव्ह मोड लावला असेल तर तो विंडोजचा मिक्सर टाळून थेट डॅककडे जातो आणि टास्कबारचा स्लायडर अनेकदा चालतच नाही. तो मोड पहिल्यांदा लावताना ॲम्प पूर्ण खाली ठेवा.

डॅकची वायर फोनोच्या खाचेत लावू नका. ती रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते. ऑक्स, टेप किंवा सीडी वापरा. आणि पातळी कशीही ठेवली तरी ‘घूंऽऽ’ येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे, म्हणजे लॅपटॉप आणि ॲम्प दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडले गेलेत. लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, पण प्लगची अर्थची पिन काढू नका.