पंप सुरू करण्याआधी: हृदय-छाती शस्त्रक्रियेच्या नव्या रेसिडेंटसाठी

ट्रेमध्ये डुकराचं हृदय, डोळ्यांवर नवीकोरी लूप्स (भिंगांचा चष्मा), हातात कॅस्ट्रोव्हिएहो निडल होल्डर आणि ७-० चा निळा पॉलिप्रॉपिलीन धागा. सिम्युलेशन ट्रेनिंगचा माझा पहिला तास असा सुरू झाला. जनरल सर्जरी करून आले होते, त्यामुळे टाके घालणं म्हणजे हातचा मळ, अशी घमेंड होती. एका अ‍ॅनास्टोमोसिसला (दोन रक्तवाहिन्या एकमेकींना शिवून जोडणं) पाऊण तास लागला. मग सरांनी ग्राफ्टमध्ये (जोडलेल्या पर्यायी रक्तवाहिनीत) सिरिंजने रंगीत पाणी सोडलं आणि हीलपाशी (जोडाच्या टाचेपाशी) छान कारंजं उडालं. सर ओरडले नाहीत. दुसरं हृदय पुढे सरकवलं आणि म्हणाले, "परत."

मी तिथे टाके शिकायला गेले होते. टाके शिकलेही, पण त्या दिवसांत सगळ्यात जास्त सराव झाला तो तोंड उघडण्याचा. ते का, हे पुढे सांगते. आधी हातांबद्दल, कारण नव्या माणसाला धास्ती हातांचीच असते.

हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी दीड-दोन मिलिमीटरची. तिच्यावर साधारण पाच मिलिमीटरचा छेद, आणि त्याच्या कडेने ग्राफ्ट शिवायचा. खऱ्या शस्त्रक्रियेत त्या वेळी बहुधा क्रॉस क्लॅम्प (महाधमनी बंद करणारा चिमटा) लागलेला असतो, हृदय थांबवलेलं असतं आणि त्याला रक्त मिळत नसतं. म्हणून सगळ्यांना वाटतं की वेग वाढवायला हवा. मलाही तसंच वाटायचं. मग माझ्याच हातांचा व्हिडिओ दाखवला गेला. त्यात सुई ऊतीतून जायला दोन सेकंद लागत होते आणि उरलेला सगळा वेळ मी ती सुई पुन्हा पुन्हा पकडत होते. एका टाक्यामागे तीन-तीन, चार-चार वेळा. सीनियरचे हात बघा, ते संथ दिसतात. फक्त ते सुई एकदाच पकडतात आणि तीही योग्य कोनात. व्हिडिओ बघताना लाज वाटते, पण तो बघाच. महिनाभर कुणी तोंडी सांगून जे कळलं नसतं ते मला दहा मिनिटांत दिसलं.

बाकी चुका ठरलेल्या आहेत, तुमच्याही होतील. सुई भिंतीला काटकोनात न टेकवता तिरकी घुसवणं. मनगट न वळवता सुई सरळ ढकलणं. सुई वाकडी आहे, तिला तिच्या वळणानेच जाऊ द्यायचं असतं. फोरसेपने धमनीचं आतलं अस्तर चिमटीत धरणं. समोरची भिंत शिवताना मागची भिंतही पकडणं, ही तर सगळ्यात वाईट, कारण बाहेरून टाका देखणा दिसतो. म्हणून गाठ मारण्याआधी आतून बारीक प्रोब घालून बघायची सवय इथेच लावून घ्या. कोरोनरीत सुई आतून बाहेर काढतात, त्याचंही कारण समजून घ्या: आतला चुन्याचा थर भिंतीवर दाबला जातो, उचकटत नाही. डुकराच्या कोरोनरीत असा थर नसतो, त्यामुळे सुई उलटी घातली तरी तिथे काही बिघडत नाही. माणसाच्या धमनीत बिघडतं.

सुई-धाग्याचा हा सराव नवा नाही. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना ल्योंमध्ये भोसकलं गेलं आणि फाटलेली मोठी शीर त्या काळात कुणाला शिवता आली नाही. त्याच शहरातला तरुण डॉक्टर अलेक्सी कॅरेल पुढे भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे बारीक टाके शिकायला गेला. रक्तवाहिन्या जोडण्याची त्याची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्यामुळे 'डॉक्टर होऊन आता हे शिवणकाम?' असं ट्रेसमोर बसल्यावर मनात आलं, तर येऊ द्या.

आता कॅन्युलेशन, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या पंपाला पेशंट जोडण्यासाठी रक्तवाहिन्यांत नळ्या (कॅन्युला) घालणं. माझ्या मते नवख्याने सर्वात जास्त वेळ इथे घालवावा. क्रम पुस्तकात एका पानाचा आहे. एओर्टावर (महाधमनीवर) दोन पर्सस्ट्रिंग (बटव्याच्या नाडीसारखे गोल टाके), त्यांना स्नेअर (ते आवळणारी नळी). वजनाप्रमाणे हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), साधारण किलोमागे ३०० ते ४०० युनिट. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) बहुतेक ठिकाणी ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप नाही. एओर्टा बोटांनी चाचपून कडक जागा टाळायची. भूल देणाऱ्यांना वरचं प्रेशर ९०-१०० च्या आसपास आणायला सांगायचं. मग छेद, कॅन्युला आत, स्नेअर घट्ट, हवा निघेपर्यंत रक्त मागे येऊ द्यायचं आणि पंपाच्या नळीला जोडताना एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. पंप चालवणाऱ्या परफ्युजनिस्टने लाइनमध्ये प्रेशर हलतंय असं सांगितलं की टोक धमनीच्या खऱ्या पोकळीत आहे, भिंतीच्या थरांत नाही, याची खात्री. मग शिरेची कॅन्युला.

हा क्रम मला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. सिम्युलेटरवर सर परफ्युजनिस्ट होऊन बसले होते. मी पर्सस्ट्रिंग सुरेख घातली, छेद घेतला, रक्ताचा थेंब न सांडता कॅन्युला आत सरकवली, दोन्ही लाइन जोडल्या आणि ऐटीत म्हणाले, "ऑन बायपास." सर म्हणाले, "ऑक्सिजनेटरमध्ये गुठळी झाली. पेशंट गेला." मी एसीटी विचारलंच नव्हतं. हेपारिन द्या असं सांगितलं होतं, ते दिलं का, कितपत दिलं, हे कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सरांनी ते मुद्दाम दिलेलं नव्हतं.

तेव्हापासून तिथे दुसरा धडा सुरू झाला. प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणायची आणि समोरच्याकडून तिचं उत्तर आकड्यात ऐकल्याशिवाय पुढे हात घालायचा नाही. 'हेपारिन झालं ना?' हा प्रश्न कुचकामी आहे, कारण त्यावर मान डोलावता येते. 'किती युनिट, किती वाजता, एसीटी किती?' यावर मान डोलावता येत नाही. सुरुवातीला हे नाटकी वाटतं. मास्कआड स्वतःचाच आवाज परका वाटतो, शेजारचा रेसिडेंट हसतो. हसू द्या.

या प्रकारच्या ट्रेनिंगचं एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेत चॅपल हिल इथे २००८ मध्ये सुरू झालेला नव्या रेसिडेंट्सचा बूट कॅम्प. त्याच वर्तुळातून पुढे जो अभ्यासक्रम आला त्यात सहा गोष्टी होत्या. तीन रोजच्या: बायपास पंपावर नेणं-आणणं, कोरोनरी ग्राफ्ट, एओर्टिक व्हॉल्व्ह बदलणं. तीन क्वचितच्या आणि भयानक: पंपातून मोठ्या प्रमाणात हवा जाणं, शस्त्रक्रिया चालू असताना एओर्टा आतून फाटणं, आणि हृदयाचं काम अचानक ढासळणं. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. ग्राफ्ट तुम्हाला आज ना उद्या खऱ्या पेशंटवर कुणीतरी हात धरून शिकवेल. हवा गेल्यावर काय करायचं हे शिकायला खरा पेशंट मिळण्याची वाट कोण बघणार?

हवेचा प्रसंग माझ्यावर असा आला. मी व्हॉल्व्हचे टाके मोजत होते. पंपाच्या टाकीतला रक्ताचा साठा खाली जात होता, ते बघायचं माझ्या ध्यानात नव्हतं. लाइनमधून फेस जाताना दिसला. आणि मी गप्प. नंतर रेकॉर्डिंगवर मोजलं, वीस सेकंद. पायऱ्या मला पाठ होत्या: पंप थांबवा, दोन्ही लाइन क्लॅम्प करा, डोकं खाली करा, कॅन्युला आणि एओर्टातली हवा काढा, लाइन भरून घ्या, वरच्या मोठ्या शिरेतून उलटा प्रवाह देऊन मेंदूकडची हवा बाहेर आणा, १०० टक्के ऑक्सिजन, शरीर थंड करा. हे सगळं डोक्यात एकदम आलं आणि दारात अडकलं. पहिला शब्द कुठला हेच ठरलेलं नव्हतं. आता ठरलंय: "पंप बंद." हे शब्द ओटीतल्या कुणीही म्हणावेत, सगळ्यात ज्युनियर माणसानेही. दुसऱ्या फेरीत मला तीन सेकंद लागले.

एओर्टा फाटण्याच्या प्रसंगात खुणा ओळखणं हेच निम्मं काम आहे: एओर्टाचा रंग निळसर होतो, लाइनचं प्रेशर चढतं आणि पेशंटचं पडतं. एकदा सिम्युलेटरवर दिसलं की विसरत नाही.

आणि आता ज्याची गरज तुम्हाला सगळ्यात आधी पडू शकते ते. पहिल्या वर्षी ग्राफ्ट कुणी तुमच्या हाती देणार नाही. पण पहाटे तीन वाजता आयसीयूत, शस्त्रक्रिया होऊन सहा तास झालेल्या पेशंटचं हृदय थांबलं, तर तिथे तुम्हीच असाल. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अरेस्टचे नियम नेहमीच्या सीपीआरपेक्षा वेगळे आहेत. व्हीएफ (हृदयाचं नुसतं थरथरणं) असेल आणि मिनिटभरात शॉक देता येणार असेल, तर छाती दाबण्याआधी लागोपाठ तीन शॉक. हृदय ठप्प असेल तर आधी पेसिंग (विजेच्या स्पंदनांनी ठोके देणं). सवयीने एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन ढकलायचं नाही. हृदय सुरू झालं तर त्या डोसने प्रेशर इतकं उसळतं की ताजे टाके फाटू शकतात. आणि एवढ्याने भागलं नाही तर पाच मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडायची.

पुतळ्याच्या छातीत हाड बांधायच्या खऱ्या तारा घालून आमच्याकडून हे करून घेतलं. मी हातमोजे घातले, एकाच तुकड्याचा मोठा ड्रेप (निर्जंतुक कापड) पसरला, त्वचा उघडली आणि वायर कटर सापडेना. तो रिट्रॅक्टरखाली होता. चाळीस सेकंद गेली. छाती पुन्हा उघडायच्या अवजारांचा सेट लहान का ठेवतात हे मला त्या चाळीस सेकंदांत कळलं. ड्युटीवर आलात की तो सेट कुठल्या कपाटात आहे ते आधी बघा, पेशंटच्या फायली नंतर.

फुफ्फुसाच्या बाजूचं थोडक्यात. थोरॅकोस्कोपीत (दुर्बिणीतून) लोबेक्टमी (फुफ्फुसाचा एक खंड काढणं) करताना पल्मनरी आर्टरीला (फुफ्फुसाच्या धमनीला) इजा झाली की पडदा लाल होतो आणि हात आपोआप क्लॅम्पकडे जातो. जाऊ देऊ नका. आंधळेपणाने लावलेला क्लॅम्प भोक मोठं करतो. स्पंज स्टिकने दाबा, दाबून धरा, भूल देणाऱ्यांना सांगा, रक्त मागवा, छाती उघडायची तयारी करा. आमच्या मॅडम दाबून ठेवायला लावून घड्याळ बघत उभ्या राहायच्या. पूर्ण दोन मिनिटं काहीही न करणं हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना शिवण्यापेक्षा अवघड गेलं.

सिम्युलेटर खोटंही शिकवतो, तेही ठाऊक असू द्या. मेलेल्या हृदयातून रक्त येत नाही, त्यामुळे दिसणं नेहमी स्वच्छ. जमैकातले सर्जन पॉल रॅम्फल यांनी यावर तोडगा काढला: डुकराच्या हृदयाच्या कप्प्यांत फुगे घालून ते संगणकाच्या तालावर फुगवायचे, नळ्यांतून नकली रक्त सोडायचं. हृदय धडधडतं, टाका चुकला तर रक्त येतं. असं यंत्र जिथे असेल तिथे रांग लावून बसा. शिवाय डुकरात डावी अ‍ॅझायगस शीर थेट कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाच्या मुख्य शिरेत) उघडते, म्हणून रेट्रोग्रेड कॅन्युलाचा (त्या सायनसमध्ये घालायच्या नळीचा) सराव करताना तिथे जे हाताला लागतं ते माणसात लागेलच असं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माणसात ती शीर शोधत बसले होते.

घरचा सराव. सिलिकॉनची बारीक नळी किंवा ग्राफ्टचे उरलेले तुकडे, मुदत संपलेले धागे (विचारून घ्या), आणि बुटांचं खोकं. खोकं महत्त्वाचं, कारण टेबलावर सपाट शिवणं सोपं असतं. हृदयाच्या मागच्या बाजूला हात खोल आणि आडवा घालावा लागतो. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं. फोन स्टँडवर लावून रेकॉर्ड करा. पॉलिप्रॉपिलीन घसरतं, म्हणून सहा-सात गाठी, आणि धागा उघड्या धातूच्या फोरसेपने कधीही पकडायचा नाही. चिमटलेल्या जागी तो कमकुवत होतो आणि नेमका शेवटच्या गाठीला तुटतो. धरायचाच असेल तर रबर चढवलेला क्लॅम्प घ्या. शिवताना पायऱ्या मोठ्याने म्हणा. घरचे वेड्यात काढतील.

माझा बॅकहँड (हात उलटा वळवून घातलेला) टाका अजून रडतो. काल रात्री अठराव्या मिनिटाला धागा तुटला. रेकॉर्डिंग बघितलं, तर फोरसेपनेच धरला होता.