पीएचडी गाईड झालात, आता चांगला मेंटर कसं व्हायचं?

गाईडशिप मिळवायला पेपर लागतात, डिग्री लागते, अनुभवाची वर्षं लागतात, पण समोरच्या माणसाला संशोधक म्हणून कसं उभं करायचं हे बहुतेकांना कुणी कधी शिकवलेलंच नसतं. मग आपल्या गाईडने आपल्याला जसं वागवलं तसंच आपण पुढच्यांना वागवतो. चांगला गाईड मिळाला असेल तर ठीक, नाहीतर तोच त्रास पुढच्या पिढीला. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीजने २०१९ मध्ये सायन्स-इंजिनिअरिंगमधल्या मेंटरिंगवर मोठा रिपोर्ट काढला, त्यात स्पष्ट म्हटलंय की हे कौशल्य शिकता येतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा हे मान्य केलं की "माझा स्वभावच असा आहे" म्हणून सुटता येत नाही.

सुरुवात अपेक्षांपासून करा. नवीन स्कॉलर, म्हणजे पीएचडी करणारा विद्यार्थी, आला की पहिल्या महिन्यातच एक तास काढून बसा आणि एरवी कुणी बोलत नाही ते सगळं बोलून घ्या. आठवड्याला किती वेळा भेटायचं, मेसेजला किती दिवसांत उत्तर येईल, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आलेल्या मेसेजचं काय, ड्राफ्ट दिला तर किती दिवसांत वाचून परत मिळेल, रजा कशी घ्यायची, कॉन्फरन्सला जायचा खर्च कुठून होणार. आणि हे नुसतं बोलू नका, एक-दोन पानांत लिहून दोघांकडे कॉपी ठेवा. लिहिलेलं असलं की स्कॉलरला "सर, तुम्ही दोन आठवडे म्हणाला होतात" असं घाबरत का होईना पण म्हणता येतं, नाहीतर तो महिनाभर ड्राफ्टची वाट बघत बसतो आणि गाईडला वाटत राहतं की हा काही करतच नाहीये. दर सहा महिन्यांनी ते पान परत काढून बघा, कारण पहिल्या वर्षातल्या गरजा आणि थिसिस लिहितानाच्या गरजा सारख्या नसतात.

मीटिंगचं म्हणाल तर ग्रुप मीटिंग म्हणजे मेंटरिंग नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर कुणी "मला हे समजत नाहीये" असं म्हणत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा वेळ पाहिजेच, अर्धा तास असला तरी चालेल पण ठरलेला पाहिजे आणि ऐनवेळी कॅन्सल होता कामा नये. स्कॉलरने आदल्या दिवशी चार ओळी पाठवाव्यात: काय झालं, कुठे अडलंय, कशावर निर्णय पाहिजे. मीटिंगनंतर काय ठरलं तेही त्यानेच लिहून पाठवावं, म्हणजे दोघांनी एकच ऐकलं का ते लगेच कळतं. शेवटची पाच-दहा मिनिटं डेटाबद्दल न बोलता नुसतं कसं चाललंय हे विचारा. पहिल्यांदा "ठीक आहे सर" एवढंच उत्तर येईल, तरी विचारत राहा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, प्रयोग फसला की गाईड कसा वागतो. रिझल्ट उलटा आला आणि तुमचा चेहरा पडला, किंवा "परत कर, असं येऊच शकत नाही" असं तुम्ही फटकन बोललात, तर पुढच्या वेळी स्कॉलर तो रिझल्ट दाखवायच्या आधी दहादा विचार करेल, आणि काही जण नको तो पॉइंट हळूच ग्राफमधून काढूनही टाकतील. संशोधनातला प्रामाणिकपणा टिकवायचा तर त्याची सुरुवात इथे, तुमच्या केबिनमध्ये होते, एथिक्सच्या लेक्चरमध्ये नाही. म्हणून आधी विचारा की सेटअप काय होता, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) काय सांगतो, कॅलिब्रेशन कधी केलं होतं, सिम्युलेशन असेल तर मेश (आकडेमोडीसाठी पाडलेली जाळी) बदलून पाहिलं का, आणि मग दोघं मिळून अर्थ लावा. तुमचेही फसलेले प्रयोग सांगा की, त्यांना वाटत असतं तुमचं सगळं पहिल्याच झटक्यात जमलं.

ड्राफ्टवर फीडबॅक देतानाही एक क्रम पाळा. आधी मुद्दा आणि आकृत्या बरोबर आहेत का ते बघा, भाषा नंतर. पहिल्याच फेरीत प्रत्येक वाक्य लाल करून ठेवलं तर मूळ मुद्दाच कच्चा आहे हे स्कॉलरला कळतच नाही, तो आपला स्वल्पविराम सुधारत बसतो. आणि सगळं स्वतः लिहून टाकायचा मोह आवरा, पेपर लवकर जाईल पण त्याला लिहिता येणार नाही.

ऑथरशिपवरून, म्हणजे पेपरवर कुणाचं नाव आणि कितव्या नंबरला यावरून, जेवढी नाती तुटतात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून तुटत असतील. काम सुरू होतानाच पहिलं नाव कुणाचं यावर बोला, आणि काम बदललं की परत बोला. क्रेडिट नावाची एक पद्धत आहे, त्यात योगदानाचे १४ प्रकार दिलेत, कल्पना कुणाची, सॉफ्टवेअर कुणाचं, डेटा कुणी सांभाळला, पहिला ड्राफ्ट कुणी लिहिला वगैरे. तो तक्ता समोर ठेवून बोललं की भांडण बरंच कमी होतं, खासकरून इंजिनिअरिंगमध्ये जिथे कोड लिहिणारा किंवा प्रयोगाची यंत्रणा (रिग) उभी करणारा शेवटी आभारात जाऊन बसतो.

वर्षातून एकदा करिअरवर वेगळं बोला. यासाठी इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट प्लॅन म्हणजे आयडीपी वापरतात: आता काय येतं, कुठे जायचंय, त्यासाठी काय शिकायचंय. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०२४ पासून त्यांच्या ग्रँटवरच्या बऱ्याच पीएचडी स्टुडंट आणि पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांसाठी) हा प्लॅन दरवर्षी सक्तीचा केलाय. फक्त तो मूल्यमापनाला जोडू नका, आणि त्यातलं काय दाखवायचं ते स्कॉलरला ठरवू द्या. कुणी म्हणालं मला इंडस्ट्रीत जायचंय तर नाराज होऊ नका, प्रोफेसरच्या जागा सगळ्यांना पुरण्याइतक्या नसतातच.

आणि एक गाईड पुरत नाही, कितीही चांगला असला तरी. स्टायपेंडचे कागद, थिसिसवरची सही, रेकमेंडेशन लेटर हे सगळं एकाच माणसाच्या हातात असेल तर स्कॉलर खरं बोलेल कसा? म्हणून स्कॉलरची प्रगती बघणाऱ्या कमिटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये दहा मिनिटं गाईडला बाहेर पाठवून स्कॉलरशी बोलायची पद्धत पाडा, सगळ्यांसाठीच, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. लॅबबाहेरचा एक दुसरा मेंटर द्या. गाईड बदलायची वाट लेखी आणि सोपी असू द्या, वर्ष आणि स्टायपेंड वाया न जाता.

'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या २०१९ च्या सर्व्हेत जगभरातल्या ६ हजारांहून जास्त पीएचडी विद्यार्थ्यांपैकी ३६ टक्क्यांनी सांगितलं की पीएचडीमुळे आलेल्या अँक्झायटी किंवा डिप्रेशनसाठी त्यांनी मदत घेतली. गाईडने काउन्सेलर व्हायची गरज नाही, पण कुणाकडे पाठवायचं हे माहीत असलंच पाहिजे आणि ते बोलताना आवाजात उपकाराची भावना नको.

स्कॉलर वाचत असाल तर एवढंच, गाईडला मन वाचता येत नाही. "मला मार्गदर्शन मिळत नाही" यापेक्षा "मला या आठवड्यात या दोन ग्राफवर अर्धा तास पाहिजे" असं मागा, मिळण्याची शक्यता खूप वाढते. पण मागूनही वारंवार मिळत नसेल तर दोष स्वतःला देऊ नका, कमिटीकडे जा.

डिपार्टमेंटने प्रमोशनच्या वेळी पेपर मोजताना स्कॉलरचं काय झालं हेही बघावं, किती जण मधेच सोडून गेले आणि का. फीडबॅक घेताना मात्र जपून, तीन जणांच्या लॅबमध्ये नाव न लिहिलेला फॉर्मही लगेच ओळखू येतो. काही वर्षांचे फॉर्म साठवून एकत्र द्या, आणि पास होऊन गेलेल्यांना वर्षभराने परत विचारा, तोपर्यंत सहीची भीती संपलेली असते.