चिलीचं लष्करी बंड अभ्यासवर्गात कसं शिकवावं

चिलीवर वर्ग घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण ११ सप्टेंबर १९७३ च्या, म्हणजे लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं त्या दिवसाच्या सकाळपासून सुरुवात करतात. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकणारी विमानं, धूर, गोळीबार. मुलं श्वास रोखून ऐकतात आणि त्यांच्या लेखी गोष्ट तिथेच संपते. पुढची लष्करी राजवटीची साडेसोळा वर्षं कुणाच्या डोक्यात शिरतच नाहीत, आणि खरा अभ्यास तर त्या वर्षांचा आहे. म्हणून माझा आग्रह आहे की मतदारयादीचा धागा धरा आणि तो शेवटपर्यंत सोडू नका.

मी लालबागला महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला आणि आम्हा शिक्षकांना कधी न चुकलेली निवडणुकीची ड्युटीही केली. यादी हातात घेऊन चाळीचे जिने चढले, दारोदार नावं पडताळली. यादीतून नाव गेलं म्हणजे काय गेलं, हे गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आता परळला संध्याकाळी वर्ग घेते. कॉलेजची मुलं येतात, कामावरून परस्पर येणारी माणसं येतात, शेजारपाजारच्या बायकाही येतात. ‘चिलीच्या लष्कराने देशाची मतदारयादी रद्द केली आणि जाळून टाकली’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिते, तेव्हा मागच्या बाकावरचा माणूससुद्धा मान वर करतो.

चार संध्याकाळी ठेवा, प्रत्येकी दीड तास. सामान फार लागत नाही: जगाचा नकाशा, खडू, मतपत्रिका करायला कोरे कागद.

पहिली संध्याकाळ बंडाच्या आधीच्या तीन वर्षांना द्या. १९७० च्या निवडणुकीतल्या तिरंगी लढतीच्या तीन पट्ट्या फळ्यावर काढा. समाजवादी साल्वादोर आयेंदे यांना ३६ टक्क्यांहून थोडी जास्त मतं, उजव्या उमेदवाराला ३५ च्या आसपास, तिसऱ्याला २८. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, म्हणून राज्यघटनेप्रमाणे निवड संसदेकडे गेली. संसदेच्या मतदानाच्या दोन दिवस आधी, २२ ऑक्टोबरला, लष्करप्रमुख रेने श्नायडर यांच्या गाडीवर हल्ला झाला आणि तीन दिवसांनी ते वारले. लष्कराने राजकारणात पडायचं नाही, संसद निवडेल तो राष्ट्राध्यक्ष, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना पळवून नेण्याचा कट करणाऱ्यांशी सीआयएचा संपर्क होता, हे पुढे अमेरिकेच्याच सिनेटच्या चौकशीत उघड झालं. या माणसाला घाईघाईत उरकू नका. बंडाच्या वाटेत पहिला अडसर लष्करातलाच होता, हे वर्गाला कळलं पाहिजे.

त्यानंतर, संसदेने निवडलेल्या आयेंदेंच्या काळातली ओढाताण आहे तशी सांगा. १९७१ मध्ये तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण संसदेत एकमताने झालं, विरोधकांसकट. पण १९७३ पर्यंत महागाई आवाक्याबाहेर गेली, दुकानांपुढे रांगा लागल्या आणि ऑक्टोबर १९७२ च्या ट्रकमालकांच्या संपाने देश ठप्प झाला. अमेरिकेचा पैसा विरोधकांकडे येत होता हे खरं, आणि लोक त्रासले होते हेही तितकंच खरं. ऑगस्ट १९७३ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने सरकारविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात श्नायडर यांच्याच विचाराचे लष्करप्रमुख कार्लोस प्रात्स यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी ऑगुस्तो पिनोशे आले; बंडानंतरच्या राजवटीचे प्रमुख तेच झाले. आयेंदेंची बाजू घेणारा शिक्षक रांगा लपवतो, पिनोशेची बाजू घेणारा श्नायडर यांना लपवतो. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

दुसरी संध्याकाळ त्या एका मंगळवारची. ही पटकन होते. पहाटे नौदलाने वाल्पाराइसो बंदर ताब्यात घेतलं. सकाळी नऊनंतर आयेंदे रेडिओ मागायानेसवरून लोकांशी शेवटचं बोलले. दुपारच्या सुमाराला हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर मारा केला. (हीच जात आपल्या हवाई दलाने १९७१ मध्ये लोंगेवालाला वापरली होती. कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून सांगून ठेवते.) आयेंदेंना सैनिकांनी मारलं असं वर्गात कुणीतरी ठामपणे म्हणेल. ते तसंच सोडून देऊ नका. २०११ मध्ये त्यांचे अवशेष पुन्हा तपासले गेले आणि त्यांनी स्वतःवर गोळी झाडली हेच निघालं. त्याने बंडाचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही, आणि गुन्ह्याची बाजू भक्कम राहायला तपशील खरा लागतो.

तिसऱ्या संध्याकाळी राजवट. भूदल, नौदल, हवाई दल आणि पोलीस दल यांच्या चार प्रमुखांचं मंडळ सत्तेवर बसलं. संसद बंद झाली, पक्षांवर बंदी आली, संचारबंदी लागली. सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हजारो माणसं कोंडली. १९७४ मध्ये दिना ही गुप्त पोलीस यंत्रणा रीतसर उभी राहिली. त्याच वर्षी प्रात्स आणि त्यांची पत्नी शेजारच्या अर्जेंटिनात, ब्वेनोस आइरेसमध्ये गाडीतल्या बॉम्बने मारले गेले. १९७६ मध्ये आयेंदेंचे माजी मंत्री ओरलांदो लेतेलिएर थेट वॉशिंग्टनमध्ये तसेच मारले गेले. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगांनी मोजदाद केली, त्यानुसार मारले गेलेले आणि बेपत्ता मिळून तीन हजारांहून जास्त, आणि कैद नि छळ सोसून जगलेले ३८ हजारांच्या वर.

आकड्यांनी वर्ग सुन्न होतो, आणि सुन्न माणूस विचार करत नाही. म्हणून इथे मी आर्पियेरा नावाची कापडी चित्रं दाखवते. बेपत्ता झालेल्यांच्या बायका, आया, बहिणी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसायच्या आणि गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं करायच्या. आपल्या गोधडीसारखंच काम, जुन्या कापडाचे तुकडे आणि धावदोरा. लांबून बघाल तर डोंगर, सूर्य, रंगीत घरं. जवळ जाऊन बघा म्हणजे दारात उभी बाई, तिच्या हातात फोटो, आणि फोटोखाली ‘कुठे आहेत ते?’ असे टाक्यांनी शिवलेले शब्द. काहींनी तर गेलेल्या माणसाच्याच कपड्यांचे तुकडे वापरले. कार्डिनल राउल सिल्वा एनरीकेस यांनी १९७६ मध्ये स्थापलेल्या विकारिया या चर्चच्या मानवी हक्क संस्थेने ही चित्रं देशाबाहेर पोचवली. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं, ते या बायकांनी शिवून ठेवलं. चित्र हातोहात फिरू द्या, घाई करू नका.

चौथ्या संध्याकाळी यादीकडे परत या. ही संध्याकाळ सगळ्यात नीट तयार करून घ्या.

४ जानेवारी १९७८ ला पिनोशेने कौल मागितला. ती मतपत्रिका कागदावर काढून प्रत्येकाच्या हातात द्या. ‘हो’च्या बाजूला चिलीचा झेंडा, ‘नाही’च्या बाजूला काळा चौकोन. प्रश्नही असा की परकीय आक्रमणाविरुद्ध देशाची प्रतिष्ठा राखणाऱ्या राष्ट्राध्यक्ष पिनोशेला माझा पाठिंबा आहे. दोन मिनिटं काही बोलू नका. कुणीतरी आपणहून म्हणतंच, ‘बाई, यात नाही म्हणायचं कसं?’ मग १९८० सांगा: बंडाला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी नव्या राज्यघटनेवर मतदान झालं, तेही मतदारयादीशिवाय. कोऱ्या मतपत्रिकाही ‘हो’मध्ये धरल्या. यादी नसेल तर कोण आलं, कोण दोनदा आलं, हे पडताळायचं कशाशी? निवडणुकीची ड्युटी केलेला कुणी वर्गात असेल तर इथे त्यालाच बोलू द्या.

त्या राज्यघटनेनेच १९८८ मध्ये आणखी एक कौल ठरवून ठेवला होता: पिनोशे आणखी आठ वर्षं हवा की नको. १९८७ मध्ये यादी नव्याने उघडली. विरोधकांत मोठा वाद झाला, हुकूमशहाच्या नियमाने खेळायचंच कशाला? शेवटी बहुतेकांनी ठरवलं, खेळायचं. कार्यकर्ते घरोघर गेले, लोकांना नावं नोंदवायला नेलं आणि ७४ लाखांच्या आसपास मतदार यादीत आले. रात्री उशिरा टीव्हीवर रोज पंधरा मिनिटं ‘नाही’वाल्यांना मिळाली आणि त्यांनी इंद्रधनुष्याचं चिन्ह घेतलं. पण वर्गात खरा भर द्या तो मतदान केंद्रांवरच्या त्यांच्या प्रतिनिधींवर. त्यांनी टेबलाटेबलावरून आकडे गोळा केले आणि स्वतःची वेगळी मोजणी उभी केली. ५ ऑक्टोबरच्या रात्री सरकार ‘हो’ पुढे असल्याचे आकडे देत असताना यांच्याकडे खरे आकडे होते. मध्यरात्र उलटल्यावर बैठकीला जाताना हवाई दलप्रमुख फेर्नांदो माथेई यांनी ‘नाही’ जिंकल्याचं पत्रकारांपुढे मान्य केलं. ‘नाही’ला ५६ टक्के, ‘हो’ला ४४.

दोन प्रश्न हमखास येतात. पहिला आणीबाणीचा. विचारू द्या, पण फरक स्वच्छ ठेवा. १९७५ ला आपल्याकडे निवडून आलेल्या सरकारनेच राज्यघटनेतल्या तरतुदीचा आधार घेतला, लष्कर बराकीत राहिलं, आणि मार्च १९७७ मध्ये जुन्याच यंत्रणेतून निवडणूक होऊन सरकार गेलं. तुरुंग आणि सेन्सॉर मात्र इथेही होते. दुर्गाबाई भागवतांना अटक झाली हे मुलांना माहीत नसतं, ते सांगा. दुसरा प्रश्न ‘पण पिनोशेने देश श्रीमंत केला ना?’ त्याला १९८२ दाखवा. एका वर्षात अर्थव्यवस्था १३ टक्क्यांहून जास्त आकसली, बँका बुडाल्या, सरकारलाच त्या ताब्यात घ्याव्या लागल्या. आणि आयेंदेंनी राष्ट्रीय केलेल्या मोठ्या तांब्याच्या खाणी पिनोशेनेही परत दिल्या नाहीत. पुढच्या दशकात वाढ झाली, तीही सांगा.

शेवटचा अर्धा तास १९९० नंतरच्या काळासाठी राखून ठेवा, नाहीतर मुलं समजतात की मतदान झालं आणि सगळं मिटलं. ११ मार्च १९९० ला विरोधकांचे पात्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले, पण पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुखच होता आणि मग तहहयात सिनेटर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली. २००६ मध्ये तो शिक्षा न होता मेला. १९८० ची राज्यघटना अनेक दुरुस्त्यांसह अजून लागू आहे. ती बदलायचे २०२२ आणि २०२३ चे दोन मसुदे लोकांनी मतदानाने फेटाळले, एक डाव्यांच्या वरचष्म्याचा, दुसरा उजव्यांच्या. का फेटाळले, यावर मी स्वतः काही न बोलता वर्गाला बोलायला लावते.