किसान सन्मानचा हप्ता अडकलाय? पटवाऱ्याकडे धावण्याआधी हे बघा

राहणं इंदुरात आणि वडिलोपार्जित जमीन सांवेर, देपालपूर नाहीतर महूकडे, अशी आपल्यातली बरीच मराठी घरं आहेत. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात. त्यावर मध्य प्रदेश सरकार मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेतून आणखी ६,००० देतं, पण पीएम किसानच्याच लाभार्थ्यांना. म्हणून केंद्राची नोंद आधी नीट करून घ्या.

तुम्ही पात्र आहात ना, हे सगळ्यात आधी पाहा. नवरा-बायकोपैकी कोणी इन्कम टॅक्स भरत असेल, किंवा कोणाला महिना १०,००० वा जास्त पेन्शन असेल (चतुर्थ श्रेणी कर्मचारी सोडून), तर पैसे मिळत नाहीत. नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन असली तरी हप्ता एकालाच. दोघांना येत असेल तर आजच एकाचा थांबवा, नंतर वसुली निघते.

मग पीएम किसानच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन नंबर टाकून स्टेटस उघडा. नंबर हरवला असेल तर मोबाइल किंवा आधारवरून तिथेच सापडतो. तिथे तीन गोष्टी दिसतात: जमिनीची नोंद, ई-केवायसी (म्हणजे ओळख पडताळणी), आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. जिथे ‘नो’ दिसेल तेवढंच काम करायचं.

जमिनीपुढे ‘नो’ असेल तर खसरा आणि बी-१ या जमिनीच्या उताऱ्यांची नक्कल घेऊन तहसील गाठा. (महाराष्ट्रातले नातेवाईक सातबारा आणा म्हणतील, इथे सातबारा नसतो.) वडील गेले आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, हे फार घरांत दिसतं. आधी फौती नामांतरण, म्हणजे वारसांची नावं चढवण्याचं काम, करून घ्या. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारशाने आलेल्या जमिनीवर मात्र मिळतो.

नावाकडे बारकाईने बघा. खसरा हिंदीत, त्यात आपला ‘ळ’ टिकत नाही. काळे तिथे काले होतात. बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. आधार, पासबुक आणि खसरा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

ई-केवायसी मोबाइलवरच्या ओटीपीने होते, नाहीतर कॉमन सर्व्हिस सेंटरवर अंगठा देऊन. माझ्या काकूचा अंगठा मशीन घेईना. वर्षानुवर्षं लसूण निवडून रेघाच पुसट झालेल्या. सेंटरवरच्या मुलाने बोट पुसलं, पाण्याने धुतलं, पाच वेळा टेकवलं, आणि काकू बिचारी ओशाळून हात पदराआड घेऊ लागली. त्यात तिचा काय दोष? पीएम किसानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते. वडीलधाऱ्यांसाठी सरळ तेच करा.

बँकेचा घोटाळा सगळ्यात फसवा. ‘आधार दिलंय’ म्हणजे खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं गेलं, असं नव्हे. पैसे तुमच्या हातातल्या पासबुकात नाही, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते कुठल्या बँकेत आहे, हे माय आधारच्या वेबसाइटवर दिसतं. पूर्वी कुठेतरी उघडून विसरलेलं खातं निघालं तर त्यात हप्ते पडून असू शकतात. ते आधी तपासा, मग हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा (खातं आधारशी जोडण्याचा) फॉर्म भरून पोच घ्या.

एवढं करूनही अडलं तर पीएम किसानची हेल्पलाइन १५५२६१ आहे, आणि तहसीलात काम रखडलं असेल तर सीएम हेल्पलाइन १८१. तक्रारीचा नंबर मात्र स्टेटसची प्रिंट काढून तिच्यावरच लिहून ठेवा.